ताप कितव्या दिवसाचा? नाशिकला नव्याने राहायला आलेल्यांसाठी

सकाळी कुणाच्या घरी रक्त घ्यायला गेले की पिशवी उघडण्याआधी माझा एक प्रश्न ठरलेला असतो: ताप पहिल्यांदा कधी आला? बहुतेक जण म्हणतात, "झाले की दोन-तीन दिवस." पण दोन की तीन, नेमकं तेच मला हवं असतं. कारण तिसऱ्या दिवशी जी तपासणी आजार पकडते, ती आठव्या दिवशी हातातून निसटू शकते. आणि आठव्या दिवशी खरी ठरणारी तपासणी दुसऱ्या दिवशी केली, तर पैसे जातात आणि वर खोटा धीर मिळतो.

सातपूर, अंबड, सिडको, पाथर्डी फाटा या भागात मी वर्षानुवर्षं घरोघरी रक्ताचे नमुने घेते. जून ते नोव्हेंबर बहुतेक नमुने तापाचेच असतात. त्यातही मला जास्त काळजी वाटते ती इथे नव्याने आलेल्यांची. शिकायला आलेली मुलं, कंपनीत नुकती लागलेली पोरं, बदली होऊन आलेली छोटी कुटुंबं. घरात कपाळाला हात लावून बघणारं मोठं माणूस नसतं, ओळखीचा डॉक्टर नसतो, आणि रूमवरच्या मित्राने दिलेली गोळी हेच पहिलं औषध होतं. म्हणून हे पायरी-पायरीने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. खाली औषधांची नावं आली आहेत ती आपल्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते कळावं म्हणून. मेडिकलमध्ये जाऊन स्वतः मागण्यासाठी नाही.

पायरी पहिली: तारीख आणि वेळ लिहा

अंगात कणकण भरली, थंडी वाजली की मोबाइलमध्ये तारीख आणि वेळ टाका. तो दिवस पहिला. इथून पुढचं सगळं या एका नोंदीवर उभं आहे.

त्याखाली रोज चार गोष्टी लिहा: सकाळ-संध्याकाळचा ताप, गोळी किती वाजता घेतली, पाणी-पेज किती पोटात गेलं, आणि लघवी किती वेळा झाली. डिजिटल थर्मामीटर दोनेकशे रुपयांच्या आसपास मिळतो, तो घ्याच. काखेत लावणार असाल तर आधी घाम पुसा. तिथे तोंडातल्यापेक्षा साधारण एक अंश फॅरनहाइट कमी दिसतो. तोंडात १००.४ किंवा त्याहून जास्त आला तर त्याला ताप म्हणायचं. "अंग गरम लागतंय" ही नोंद डॉक्टरांच्या फारशी कामाची नाही.

आणि मागच्या तीन आठवड्यांत कुठे कुठे गेला होतात तेही लिहा. हे कुणी विचारत नाही, म्हणून आपणच सांगायचं. गडचिरोली किंवा मुंबईकडे जाऊन आलात तर हिवतापाचा विचार आधी येतो. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत, गवतात काम केलंत, तर आणखी एक आजार बघावा लागतो. त्याबद्दल खाली लिहिलं आहे. गोदावरीला पूर आला की नाशिककर गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीकडे बघून पाणी किती चढलं ते सांगतात. त्या पाण्यात उतरून कुणाचं दुकान साफ करायला मदत केली असेल, तर तो दिवसही लिहून ठेवा. लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या लघवीतून त्या चिखलात येतो, पायावरच्या बारीक जखमेतून आत शिरतो आणि बहुधा एक-दोन आठवड्यांनी ताप घेऊन उभा राहतो. तोवर आपण पूर विसरलेलो असतो.

पायरी दुसरी: थांबायचं नाही अशी लक्षणं आधी तपासा

धाप लागणं, छातीत दुखणं, मान ताठ होऊन डोकं असह्य दुखणं, बोलण्यात असंबद्धपणा, झटका, न थांबणाऱ्या उलट्या, पोटात जोराची कळ, हिरड्या-नाकातून किंवा शौचावाटे रक्त, सहा-आठ तास लघवी नाही. यातलं एकही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. तीन महिन्यांच्या आतलं बाळ, गरोदर बाई, मधुमेही, किडनीचा किंवा केमोथेरपी चालू असलेला पेशंट यांना ताप आला तर पहिल्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

पायरी तिसरी: पहिले दोन दिवस काय घ्यायचं, काय टाळायचं

तापासाठी पॅरासिटामॉल, फक्त पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, दिवसाला चारच्या वर नाही. लिव्हरचा त्रास असेल किंवा रोजचं पिणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. लहान मुलांचा डोस वजनावर असतो, तोही डॉक्टरांकडूनच घ्या. सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. दोन्ही एकत्र घेतलं की नकळत डोस दुप्पट होतो. पाकिटाची मागची बाजू वाचायची सवय लावा.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन घ्यायचं नाही. अंगदुखीला या गोळ्या छान आराम देतात, म्हणून लोकांना आवडतात. पण ताप डेंग्यूचा निघाला तर याच गोळ्या रक्तस्राव वाढवतात. हृदयासाठी ॲस्पिरिन आधीपासून चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

"एक सुई मारा, संध्याकाळपर्यंत उभा करा" असं म्हणत जाऊही नका. झटपट ताप उतरवणाऱ्या सुईत कधी डायक्लोफेनॅक असतं, कधी स्टिरॉइड. ताप उतरतो, पण आत काय चाललंय ते झाकलं जातं. सुईत काय आहे हे विचारायचा आणि ते चिठ्ठीवर लिहून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे.

पायरी चौथी: अंग काय सांगतंय ते बघा

घसा, नाक, खोकला आणि ताप एकदम आले तर बहुतेक वेळा श्वासमार्गाचा विषाणू असतो. ताप आहे पण नाक-घसा कोरडा ठणठणीत, हे मात्र मला खटकतं. तिथे पुढचे आजार डोक्यात आणायचे.

डेंग्यूत डोळ्यांच्या मागे दुखतं, डोळे फिरवले तरी कळ येते. कंबर आणि हाडं मोडून आल्यासारखी वाटतात, चेहरा लालसर होतो. चिकुनगुनियात ताप दोन-चार दिवसांचाच, पण मनगट, घोटे, बोटांचे सांधे असे धरतात की सकाळी दाराची कडी काढता येत नाही. हिवतापात आधी दात वाजवणारी हुडहुडी, मग फणफणून ताप, मग कपडे भिजवणारा घाम. मात्र पुस्तकात लिहिल्यासारखा दिवसाआड येईलच असं नाही. टायफॉईड हळूहळू चढतो. रोज संध्याकाळी कालच्यापेक्षा थोडा जास्त. भूक मरते, जीभ पांढरट होते, पोट जड राहतं. लेप्टोत पोटऱ्या दाबल्या तरी माणूस ओरडतो आणि डोळे लाल होतात, पण चिपडं येत नाहीत.

आणि ती द्राक्षबागेची, गवताची गोष्ट. स्क्रब टायफस नावाचा ताप गवतातल्या अगदी बारीक किड्याच्या अळीने चावल्यावर होतो. २०१८ मध्ये विदर्भात त्याची मोठी साथ आली होती. चावलेल्या जागी दुखत नाही, खाजत नाही. फक्त एक काळी खपली धरते, विडीचा चटका बसावा तशी, भोवती लाल कडं. ती काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, छातीच्या घडीत लपलेली असते. सगळ्यांनाच असते असं नाही, पण सापडली तर निम्मं निदान तिथेच होतं. म्हणून अंघोळीच्या वेळी आरशासमोर उभं राहून सगळं अंग एकदा बघा, पाठ दुसऱ्या कुणाकडून बघून घ्या. लाजेपायी कुणी दाखवत नाही, आणि वेळेअभावी कुणी बघत नाही. डॉक्सिसायक्लिन या स्वस्त गोळीने हा आजार बरा होतो, बहुतेकदा दोन दिवसांत ताप उतरतो. उशीर झाला तर फुप्फुस, किडनी धरतो.

पायरी पाचवी: दिवस बघून तपासणी

सर्वात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

साधा ताप दोन दिवसांत हटला नाही, तर तिसऱ्या दिवशी तरी डॉक्टरांना दाखवून सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करून घ्या. हा रिपोर्ट जपून ठेवायचा, कारण पुढच्या रिपोर्टची तुलना याच्याशीच होणार असते. पावसाळ्यात त्याच दिवशी मलेरियाची स्लाइडही करा. हिवतापाची तपासणी कोणत्याही दिवशी चालते, फक्त हिवतापाच्या गोळ्या सुरू होण्याआधी रक्त गेलं पाहिजे. एकदा नाही सापडला आणि हुडहुडी चालूच असेल, तर पुन्हा द्यायचं.

डेंग्यूसाठी पहिल्या पाच दिवसांत एनएस-वन. हा विषाणूचा स्वतःचा अंश असतो, म्हणून सुरुवातीलाच सापडतो. पाचव्या दिवसानंतर आयजीएम, कारण शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं दिसायला तेवढा वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी आयजीएम करून "डेंग्यू निगेटिव्ह आला" म्हणत निवांत बसणारे मी खूप पाहिले आहेत. लॅबमध्ये पट्टीवर होते ती झटपट तपासणी, तिच्यावरून डेंग्यू संशयित ठरतो. पक्कं निदान एलायझा पद्धतीने होतं. ती सोय सरकारी यंत्रणेत मोफत असते. त्र्यंबक रोडचं सिव्हिल (जिल्हा रुग्णालय) किंवा महापालिकेचं जवळचं शहरी आरोग्य केंद्र, नाशिक रोडचं बिटको रुग्णालय, कथड्याचं झाकीर हुसेन रुग्णालय, यांपैकी जे जवळ असेल तिथे जाऊन विचारा.

टायफॉईडसाठी पहिल्या आठवड्यात ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघायची तपासणी, आणि तेही अँटिबायोटिक सुरू होण्याआधी. मोठ्या माणसाचं आठ-दहा मिली रक्त लागतं. "एवढं कशाला?" असं दर वेळी ऐकते. कारण रक्तातले जंतू मोजकेच असतात. कमी रक्त घेतलं तर ते बाटलीत येतच नाहीत. रिपोर्टला दोन-तीन दिवस, कधी पाच दिवस लागतात. पण जंतू उगवला तर त्याच्यावर कोणतं औषध चालतं तेही कळतं. आपल्याकडे टायफॉईडच्या जंतूंनी सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकला केव्हाच दाद देणं सोडलंय, त्यामुळे ही माहिती सोन्यासारखी.

याउलट विडाल, टायफॉईडसाठी सर्रास होणारी रक्ततपासणी. एका विडालवर टायफॉईड ठरवू नका. पूर्वी होऊन गेलेला टायफॉईड, लस, दुसराच एखादा ताप, कशानेही ती पॉझिटिव्ह दिसू शकते, आणि पहिल्या आठवड्यात खरा टायफॉईड असूनही निगेटिव्ह येऊ शकते. "टायफॉईडचा थोडा अंश आहे" हे वाक्य ऐकलंत, तर कशावरून म्हणता, कल्चर केलं का, एवढंच विचारा.

लेप्टो आणि स्क्रबच्या आयजीएम तपासण्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी बोलतात. पण तोवर औषध थांबवत नाहीत. लक्षणं आणि पुराची किंवा शेताची हकिकत जुळली तर डॉक्टर आधीच सुरू करतात. म्हणूनच ती हकिकत लिहून ठेवा म्हटलं.

पायरी सहावी: ताप उतरला, तेव्हा जागे राहा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पाथर्डी फाट्याला एका खोलीत तीन मुलं राहायची. एकाला ताप आला. दुसऱ्याच दिवशी एका दवाखान्यात विडाल झाली, दोन दिवस सलाइनमधून अँटिबायोटिक गेलं, पाचव्या दिवशी ताप उतरला. सगळे म्हणाले, बरा झाला. तो सेकंड शिफ्टला जायची तयारी करत होता, पण पोटात दुखत होतं म्हणून मित्राने आमच्याकडे फोन केला. मी गेले तेव्हा तो पलंगावर बसून बूट घालत होता. एकच बूट घातला आणि तसाच थांबला. हात धरला तर गार, आणि ओलसर. पट्टा बांधला, मनगटापासून कोपरापर्यंत चाचपलं, शीर सापडेना. तेवीस वर्षांच्या मुलाची शीर सापडत नाही, तेव्हा रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर गेलेलं असतं. आधीच्या रिपोर्टमध्ये त्याचा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा टक्का, ४१ होता. आमच्या नमुन्यात ५२ आला. पण मी रिपोर्टची वाट बघितली नाही. रिक्षा बोलावली आणि मित्रांना सांगितलं, सरळ सिव्हिल. डेंग्यू निघाला. तिथे तासातासाला मोजून सलाइन दिलं, चौथ्या दिवशी घरी आला.

डेंग्यूचा धोक्याचा काळ ताप उतरताना सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, आणि एक-दोन दिवस राहतो. त्या वेळात बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं. हातपाय गार, अस्वस्थपणा किंवा उलट गुंगी, पोटदुखी, उलट्या, लघवी कमी. ताप नाही आणि माणूस मात्र मलूल, हे बरं होण्याचं लक्षण नाही. खरं बरं होताना भूक लागते.

रिपोर्ट हातात आला की सगळे आधी पेशी, म्हणजे प्लेटलेट्स, बघतात. निरोगी माणसाच्या दीड ते साडेचार लाख असतात. डेंग्यूत त्या उतरतात, आणि बहुतेकांच्या आपोआप वर येतात. मी तुम्हाला त्याच पानावरची हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही ही ओळ बघायला सांगेन. ती पहिल्या रिपोर्टपेक्षा वीस टक्के चढली आणि पेशी उतरल्या, तर लगेच रुग्णालय. नुसत्या आकड्यासाठी पेशींची पिशवी चढवायची नसते. रक्तस्राव होत असेल, किंवा पेशी दहा हजारांच्या खाली गेल्या, तेव्हा डॉक्टर त्याचा विचार करतात. पपईच्या पानांच्या रसामागे धावण्यात जी दुपार जाते, ती पेशंटला घोट-घोट ओआरएस, पेज, ताक, नारळपाणी पाजण्यात घालवा.

पायरी सातवी: औषध पूर्ण करा

डेंग्यू आणि चिकुनगुनियावर विषाणू मारणारं औषध नाही. पाणी, विश्रांती आणि लक्ष ठेवणं हाच उपचार. हिवतापावर मात्र नेमकं औषध आहे. व्हायव्हॅक्स प्रकारचा असेल तर तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन. तिसऱ्या दिवशी बरं वाटतं आणि प्रायमाक्विन ड्रॉवरमध्ये पडून राहतं. मग लिव्हरमध्ये दडून बसलेला जंतू काही महिन्यांनी पुन्हा हुडहुडी घेऊन येतो. गरोदरपणात प्रायमाक्विन चालत नाही, आणि लाल पेशींना जपणाऱ्या जी-सिक्स-पीडी या घटकाची कमतरता असलेल्यांच्या लाल पेशी त्याने फुटू शकतात; लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर. फाल्सिपेरम असेल तर वेगळी, आर्टेमिसिनिनवर आधारलेली औषधं असतात, म्हणून रिपोर्टवर प्रकार लिहिलाय का ते बघा.

टायफॉईडचं औषध सुरू केल्यावरही ताप उतरायला चार-पाच दिवस लागू शकतात. दुसऱ्या दिवशी डॉक्टर बदलू नका.

तापाखेरीज तीन गोष्टी थोडक्यात. जुलाब लागले तर ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं, अर्धं पाकीट अंदाजाने नाही. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. तांदळाच्या धुवणासारखे पाण्याचे जुलाब होत असतील तर तो कॉलरा असू शकतो, काही तासांत माणूस कोरडा पडतो, तिथे घरी थांबायचं नाही. डोळे पिवळे, लघवी सरसोंच्या तेलासारखी गडद झाली तर कावीळ. ती उतरवून घ्यायला कुणाकडे जाण्याऐवजी लिव्हरची तपासणी करा. गरोदर बाईला हिपॅटायटिस ई झाला तर जिवावर बेततं.

आणि दोन आठवडे खोकला असेल, संध्याकाळी बारीक ताप, वजन कमी, तर थुंकीची तपासणी. ती सरकारी केंद्रात मोफत आहे, औषधंही मोफत. टीबीचा साधा उपचार सहा महिन्यांचा. नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. एका खोलीत चौघं राहता म्हणून लपवावंसं वाटतं, मला कळतं. पण तुम्ही गोळ्या घेतल्या तर उरलेले तिघंही वाचतात.

हिवाळ्यात निफाडचा पारा घसरतो तशी फ्लूची साथ डोकं वर काढते. साध्या फ्लूला घरीच राहा, मास्क लावा. वयस्कर, गरोदर किंवा दमेकरी असाल तर पहिल्या ४८ तासांत डॉक्टरांना भेटा. ओसेलटामिव्हिर या फ्लूच्या औषधाचा खरा उपयोग तेव्हाच.

पायरी आठवी: घरात एक पेशंट निघाला, आता बाकीचे

डेंग्यूच्या पेशंटला ताप असेपर्यंत दिवसाही मच्छरदाणीत झोपवा. हे लोकांना उलटं वाटतं. पण एडिस डास दिवसा चावतो, आणि त्या दिवसांत पेशंटच्या रक्तात विषाणू असतो. पेशंटला चावलेला डासच पुढे घरातल्या दुसऱ्याला गाठतो.

मग पाणी. आठवड्यातून एक दिवस ठरवून सगळी पिंपं, बादल्या, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजच्या मागचा ट्रे रिकामा करा. अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा हिशेब. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पिंपाच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटलेली असतात, काळ्या मोहरीच्या चुऱ्यासारखी, आणि कोरडी राहूनही महिनोन् महिने टिकतात. काथ्याने किंवा तारेच्या ब्रशने तो पट्टा घासून काढा, उन्हात पालथं घाला, मगच भरा.

महापालिकेची माणसं अळ्या तपासायला आली तर दार उघडा आणि त्यांना गच्चीवर न्या. भाड्याच्या घरात गच्चीची किल्ली मालकांकडे असते. ती आजच मागून ठेवा, आणि वर जाऊन टाकीचं झाकण बसतंय का ते स्वतः बघून या.